खांदा केव्हा साथ देतो?

तीस वर्षे खडूने लिहिणाऱ्या माणसाचा हात एके दिवशी फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोहोचेनासा झाला, म्हणजे त्याची काय अवस्था होते, हे आम्ही गेल्या वर्षी अनुभवले. सदऱ्याच्या बाहीत हात घालण्यास सौभाग्यवतींचे साहाय्य घ्यावे लागे. रात्री त्या कुशीवर निजणे तर अशक्यच. प्रथम ज्या डॉक्टरांना दाखविले, त्यांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरून 'आता वय झाले, असेच चालायचे' असा निवाडा दिला. तो शिरसावंद्य मानून आम्ही तीन महिने हात जपला, आणि खांदा अधिकच आखडला.

पुढे फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेलो. त्यांनी विचारले, "सर, खांदा पूर्ण बरा होईल असे वाटते, की थोडाफार?" वैद्यकाशी या प्रश्नाचा संबंध काय, असे आमच्या मास्तरी मनात आलेच.

संबंध आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात फिजिओथेरपीसाठी आलेल्या १०३० खांदेदुखीच्या रुग्णांचा सहा महिने मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाविषयी आरंभीच ७१ बाबी नोंदवून, त्यांतील कोणत्या पुढील सुधारणेची चाहूल देतात, हे पाहिले गेले. चार गोष्टी सातत्याने पुढे आल्या. आरंभी हाताचे व्यवहार कमी अडलेले असणे आणि स्वस्थ बसले असता वेदना कमी असणे, या दोन तर कोणासही सुचतील. उरलेल्या दोन मात्र मनाच्या: उपचाराने आपण पूर्ण बरे होऊ ही अपेक्षा, आणि दुखत असतानाही आपली कामे आपण करू शकू हा भरवसा. उलट, हात वाकवून-फिरवून खांद्यातील नेमका कोणता भाग बिघडला हे ठरविणाऱ्या तपासणीवरून पुढचे भाकीत फारसे साधले नाही!

त्याच रुग्णांविषयी २०१९ साली आलेल्या निष्कर्षाने तर आम्हांस थक्क केले. आरंभी पुष्कळ दुखणारे पण भरवसा बाळगणारे लोक, कमी दुखणाऱ्या पण भरवसा नसलेल्यांच्या बरोबरीने, किंबहुना अधिकच सुधारले.

म्हणून नुसत्या श्रद्धेने खांदा सुटतो, असे कोणी समजू नये. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव कॉडमन या अमेरिकन शल्यविशारदाने १९३४ साली रूढ केले. तो विकार बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान जडतो, मधुमेह्यांना अधिक, आणि सुटण्यास वर्ष-दोन वर्षेही घेतो. आम्हांस मधुमेह आहे. तेव्हा रक्तातील साखर तपासून घेणे हेही उपचारातच आले. आणि डाव्या खांद्याबरोबर छातीत दडपण व घाम आल्यास व्यायाम नव्हे, तातडीने इस्पितळ.

बाईंनी आम्हांस भिंतीवर बोटे 'चढविण्यास' लावले. जेथवर पोहोचू तेथे पेन्सिलीने खूण करायची. पहिली खूण छातीच्या उंचीची होती. महिनाभर ती जागची हलेना, तेव्हा मुलांना 'प्रयत्न सोडू नका' असे सांगणे किती स्वस्त असते, ते कळले. सौभाग्यवतींना मात्र रंगविलेली भिंत खराब झाल्याचेच दुःख अधिक.

परवा खूण खिडकीच्या चौकटीवर गेली. शाळेत आता तारीख आम्हीच लिहितो, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात.