यकृताचा रोगी म्हणजे दारुडा नव्हे!

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुरबाड तालुक्यातील एका आजारी नातेवाइकांना भेटायला गेलो होतो. डोळे पिवळे, पोटात पाणी झालेले. ओटीवर बसलेला एक पाहुणा सहज बोलून गेला, "पिऊन पिऊन लिव्हर सडवलं, दुसरं काय!"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "भाऊजी, यांनी जन्मात दारूला हात लावला नाही. रक्त तपासलं तेव्हा 'बी' कावीळ निघाली. पण लोक बेवडा म्हणतील, या लाजेनं यांनी वर्षभर औषधच घेतलं नाही."

बंधुभगिनींनो, एका शब्दाने माणसाचे वर्ष खाल्ले!

हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप यकृत खराब करतात. ते रक्तातून, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतात. एकत्र जेवल्याने लागत नाहीत. तरीही शहापूरकडील एका घरात गरोदर सुनेला 'बी' निघाली, तेव्हा तिचा पेला वेगळा ठेवलेला आम्ही पाहिला. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या आपल्या समाजाला वेगळ्या पेल्याचा अर्थ कुणी सांगायला हवा काय?

शब्दांचे महत्त्व डॉक्टरांनाही पटले आहे. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतावर चरबी साठते, त्या आजाराला 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' म्हणत. न पिणाऱ्याच्या आजारालाही दारूचेच नाव! २०२३ साली जगातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी ते नाव बदलले. आपल्याकडेही 'महारोगी' जाऊन 'कुष्ठरुग्ण' हा शब्द आलाच ना?

मग जो खरोखर पितो, त्याला हिणवावे काय? मुळीच नाही. व्यसन हाही आजारच आहे. शिव्या देऊन दारू सुटत नाही, उलट तो माणूस तोंड लपवतो आणि उपचाराला उशीर होतो.

म्हणून 'बेवडा', 'लिव्हर सडलेला' हे शब्द आपल्या घरातून हद्दपार करू या. "किती पीत होता?" असे विचारण्यापेक्षा "औषध वेळेवर मिळतं का? दवाखान्यात सोबत येऊ का?" असे विचारू या. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बी आणि सी काविळीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत 'बी'ची लस टोचून घ्यावी.

सम्यक वाचा आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. तिची खरी गरज आजाऱ्याच्या खाटेपाशी आहे.