आटपाट नगराची चित्रे : धुरंधर आणि गालेन-काल्लेला

रायपूरच्या मराठी घरांत आषाढी अमावास्येला दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातात, त्याच दिवशी शेजारच्या छत्तीसगढी घरी हरेली असते. तिथी एकच. महिना अमावास्येला संपवणारे पंचांग तिला आषाढाची म्हणते, पौर्णिमेला संपवणारे श्रावणाची. शेजारी नांगर-कुदळी धुऊन पुजल्या जातात, दाराजवळच्या भिंतीवर शेणाने सवनाहीच्या आकृती रेखाटल्या जातात. मराठी घरी त्या दिवशी दिव्यांच्या अवसेची कहाणी सांगावयाची असते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत, आणि त्यानंतरही नोकरीपेशाच्या निमित्ताने इकडे येत राहिलेल्या कुटुंबांबरोबर ही कहाणी आली. तिला हा प्रवास जड जाण्याचे कारण नव्हते. तिचे नगर 'आटपाट' आहे. त्याला वेस नाही, नदीचे नाव नाही, राजाची वंशावळ नाही. ते पुण्याजवळ असू शकते तसे महानदीच्या खोऱ्यातही असू शकते.

अशा बिनपत्त्याच्या नगराचे चित्र काढावयाचे ठरले तर चित्रकारापुढे कोणती अडचण उभी राहते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकानेही विचारण्याजोगा आहे. कहाणी ही नुसती लोककथा नव्हे; ती व्रताचे अंग आहे. हातात अक्षता घेऊन ती ऐकावयाची असते आणि सांगणारी बहुधा घरातली वडीलधारी स्त्री असते. तिच्यात वर्णन जवळजवळ नाहीच. राजा, आवडती, नावडती, म्हातारी एवढी ओळख पुरते. सोमवारच्या कहाणीत राजा शंकराचा गाभारा भरण्यासाठी साऱ्या नगरातले दूध मागवतो. गाभारा भरत नाही. मुलाबाळांना, वासरांना पोटभर पाजून एक म्हातारी उरलेले खुलभर दूध वाहते आणि गाभारा भरतो. शुक्रवारच्या कहाणीतली बहीण, गरिबीत भावाने जेवणाच्या पंक्तीतून उठवलेली, पुढे श्रीमंत झाल्यावर त्याच्याच घरी पाटावर दागिने मांडून त्यांच्यापुढे एकेक घास ठेवते. हे डोळ्यांना दिसणारे प्रसंग आहेत. पण दिव्यांच्या कहाणीत घरोघरचे दिवे रात्री झाडावर जमून आपापल्या घरची सुखदुःखे बोलतात. सांगणारी हे एका वाक्यात उरकते आणि ऐकणारीला त्यात काही वावगे वाटत नाही. चित्रकाराला मात्र दिव्याला बसवावे कसे हे ठरवावे लागते.

१९१४ साली सी. ए. किंकेड या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने यांपैकी वीस कहाण्या इंग्रजीत आणल्या. 'डेक्कन नर्सरी टेल्स' हे ते मॅकमिलनचे पुस्तक, आणि त्यातील रंगीत चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांची. तोवर लोककथांच्या पुस्तकांना चित्रे नव्हती असे नाही. मेरी फ्रेअरच्या १८६८ च्या 'ओल्ड डेक्कन डेज'मधील कथा आना लिबेराता डिसूझा या आयेने सांगितल्या, चित्रे फ्रेअरच्या बहिणीने काढली. लालबिहारी डे यांच्या बंगाली लोककथा १८८३ मध्ये इंग्रजीत आल्या; १९१२ मध्ये त्याच मॅकमिलनने त्या वॉरिक गोबल या इंग्रज चित्रकाराच्या रंगीत चित्रांनी सजवून पुन्हा काढल्या. बंगालीत दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी 'ठाकुरमार झुली'ची (१९०७) चित्रे स्वतःच रेखाटली होती. किंकेडच्या पुस्तकाचे वेगळेपण असे की त्यात सांगणाऱ्यांच्या भाषेतच वाढलेला आणि तरीही पाश्चात्य पद्धतीत पूर्ण मुरलेला चित्रकार कामाला लागला.

धुरंधर १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मले, १८९० मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले आणि तेथेच शिक्षक होऊन १९३१ मध्ये निवृत्त झाले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आठवणींचे नाव अक्षरशः खरे आहे. तैलरंगातली ऐतिहासिक व पौराणिक चित्रे, जलरंग, पोस्टकार्डे, रेल्वेची भित्तिपत्रके, एडवर्ड्स व रॉथफेल्ड यांच्या पुस्तकांची सजावट असा त्यांचा व्याप होता. बसलेल्या माणसावरून रेखाटन, छायाप्रकाश, यथादर्शन ही त्यांची शिदोरी.

धुरंधरांहून दोनच वर्षांनी मोठा असलेला एक चित्रकार तिकडे फिनलंडमध्ये याच अडचणीशी झगडत होता. आक्सेली गालेन-काल्लेला (१८६५–१९३१) स्वीडिश बोलणाऱ्या घरात आक्सेल गालेन या नावाने जन्मला. फिनिश वळणाचे नाव त्याने १९०७ मध्ये घेतले. फिनलंड १९१७ पर्यंत रशियाच्या अमलाखाली होते, आणि एलिआस लोनरोटने खेड्यापाड्यांतील गाणी गोळा करून रचलेले 'कालेवाला' (१८३५, वाढवलेली आवृत्ती १८४९) हे तेथे राष्ट्राच्या अस्तित्वाचा दाखला मानले जाई. गालेनने आइनोच्या कथेवरचे पहिले तीन पटांचे चित्र पॅरिसमध्ये केले, तेही तेथे शिकलेल्या वास्तववादी रीतीने. १८९० मध्ये तो, गाणी जेथे अद्याप गायली जात त्या कारेलियात गेला आणि १८९१ मध्ये तेच चित्र पुन्हा रंगवले. तरीही रीत बदलली नव्हती. बदलले होते ते कपडे आणि पाणी. खरा पालट 'सांपोचे रक्षण' (१८९६) आणि 'लेम्मिन्काइनेनची आई' (१८९७) या चित्रांत दिसतो. खोली जाते, बाह्यरेषा ठसठशीत होते, रंग सपाट पसरतात. या दुसऱ्या चित्रात मेलेल्या मुलाशेजारी बसलेल्या आईसाठी त्याने स्वतःच्या आईला बसवले होते. म्हणजे माणूस समोर होताच, पण चित्र आता विणलेल्या पटाच्या जवळ गेले होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातील फिनलंडच्या दालनात त्याची भित्तिचित्रे होती, लाकडी सामान होते आणि 'ज्वाला' नावाचे विणकामही. कथा जेथून आली तेथल्याच हस्तव्यवसायातून तो तिच्या चित्राचे रूप घेऊ लागला होता.

धुरंधरांनी तसे केले नाही, आणि ते रूप त्यांच्यापासून दूर होते असेही म्हणता येत नाही. श्रावणात मराठी घराच्या भिंतीवर जिवतीचा छापील कागद लागतो. नरसिंह, कालियावरचा कृष्ण, मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती अशा चार चौकटी. सारे समोरासमोर, सपाट, ठळक रेषांचे. कहाणीच्या परंपरेने स्वतःसाठी निर्माण केलेले चित्र ते हेच. त्याला यथादर्शन ठाऊक नाही, जसे कहाणीला वर्णन ठाऊक नाही. सपाट रेषेचा दुसरा मोठा नमुना तर धुरंधरांच्या शाळेतच होता: ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भिंतींच्या प्रतिकृती केल्या होत्या. तरीही कलाशाळेची शिस्त आणि स्वयंपाकघरातला तो कागद यांची गाठ पडली नाही.

मात्र एवढ्यावरून धुरंधरांना उणे ठरवणे घाईचे होईल. 'कालेवाला'चे नायक लोहार आणि मांत्रिक आहेत. सागर, पाताळ, युद्ध हे त्यांचे क्षेत्र. कहाणी घरातली आहे. तिचे संकट म्हणजे सासूने हाकललेली सून, उपाशी मुले, भावाच्या दारातला अपमान. या जगाला नऊवारी लुगडे, वाडा, तुळस यांचा खरेपणा शोभतो, आणि रस्त्यावरचा व घरातला माणूस टिपण्यात धुरंधरांचा हात धरणारे थोडे होते. खुलभर दुधाच्या म्हातारीला वास्तववादी कुंचला पुरतो. झाडावरच्या दिव्यांना तो पुरत नाही. वास्तववाद कहाणीच्या माणसांना न्याय देतो, तिच्या स्थलकालाला नाही: एकदा वाडा रंगवला की आटपाट नगर दख्खनचे होते आणि रायपूरच्या आजीला उपलब्ध असलेला मोकळेपणा संपतो.

दोघांतला अधिक महत्त्वाचा फरक प्रेक्षकाचा आहे. गालेन-काल्लेलाने 'सजलेले कालेवाला' (१९२२) केले ते फिनिश वाचकासाठी, आणि १९२८ मध्ये हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या छतावर कालेवालातील प्रसंग पुन्हा रंगवले ते फिनिश डोळ्यांसाठी. किंकेडच्या पुस्तकाच्या नावातला 'नर्सरी' हा शब्द मात्र सारे सांगून जातो. स्त्रियांचे व्रत त्यात मुलांच्या झोपेआधीची गंमत झाले, आणि तीही इंग्रजी मुलांच्या. ज्या बायका या कहाण्या तोंडपाठ सांगत, त्यांच्या हाती हे पुस्तक पडण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या श्रावणाचे चित्र दर वर्षी नवा लागणारा जिवतीचा कागद हेच राहिले. आणि रायपुरात, जन्माष्टमीला, शेजारणीने भिंतीवर काढलेल्या 'आठे कन्हैया'च्या आठ आकृती, ज्यांनाही खोली नाही आणि गावाचे नाव नाही.