खोकला थांबला, तरी गोळ्या का?

आष्टा आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या माणसांना क्षयरोग नवा नाही. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी असे, कारण तिथे क्षयरोग्यांचे सॅनेटोरियम होते. आता औषधे घरीच घेता येतात. महिना-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, वजन वाढते. मग घरात प्रश्न निघतो: माणूस बरा झाला, सहा महिने गोळ्या कशाला? ऊसतोडीला जायचे असते, कारखान्याची पाळी गाठायची असते. गोळ्या राहून जातात.

या प्रश्नाचे एक उत्तर शास्त्रज्ञांना उजेडातून मिळाले आहे.

आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशी जंतूला गिळतात आणि त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या जहाल रसायनांचा मारा करतात. ही रसायने फार वेळ टिकत नाहीत. म्हणून जिवंत पेशीतच खूण ठेवावी लागते. १९६२ साली ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन मिळवले. या प्रथिनाच्या कामाला २००८ चे नोबेल मिळाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमित सिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचेच बदललेले रूप क्षयाच्या जंतूत बसवले आणि २०१४ साली ते काम प्रसिद्ध केले. रसायनांचा मारा वाढला की प्रथिनाची चमक बदलते. दोन रंगांचा प्रकाश टाकून ती मोजली की जंतूची अवस्था कळते.

दिसले ते असे: पेशींत शिरलेले सगळे जंतू सारखे नसतात. काही मार खाऊन खिळखिळे होतात, काही आतून सावरलेले राहतात. हे सावरलेले जंतू औषधालाही सहज दाद देत नाहीत. खोकला थांबतो, पण चिवट जंतू मागे राहू शकतात. अर्ध्यावर गोळ्या सोडल्या तर तेच पुन्हा वाढतात.

या जंतूंना गाठायचे कसे, याचाही शोध चालू आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतले हरिनाथ चक्रपाणी यांच्यासह २०१५ साली जंतूच्या आतच जहाल रसायन तयार करणारी संयुगे तपासली गेली. २०१९ साली क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने उंदीर व गिनीपिगमध्ये जंतूंचा चिवटपणा कमी झाल्याचे दिसले. माणसांसाठी हा उपचार अजून ठरलेला नाही. स्वतःच्या मनाने ती गोळी कुणी घेऊ नये.

आयाबहिणींनो, सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधे मोफत मिळतात. गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांना ठरवू द्या. कामासाठी गाव सोडायचे असेल तर आधी दवाखान्यात सांगा, म्हणजे नव्या जागीही औषध चालू राहील.