ठिपक्यांची हौस आणि तिची जबाबदारी

वाशी, नेरुळ, खारघर येथील बहुमजली संकुलांत पर्शियन मांजर आता नवलाईचे राहिलेले नाही. हौशी मंडळींना हल्ली भुरळ पडते ती बिबट्यासारखे ठिपके मिरवणाऱ्या ‘बेंगॉल’ची आणि लांब पायांच्या, उंचपुऱ्या ‘सव्हाना’ची. ही दोन्ही मांजरे वन्य प्राण्याच्या संकरातून निर्माण झालेली आहेत. त्यामुळे ती घरी आणण्यापूर्वी त्यांचे कूळ, कायदा आणि स्वभाव या तिन्ही गोष्टी समजून घेणे आवश्यक ठरते.

बेंगॉलचे मूळ आशियातील बिबट मांजरात आहे. हे लहानखुरे रानमांजर आपल्या सह्याद्रीतही आढळते. अमेरिकेतील जीन मिल यांनी १९६० च्या दशकात त्याचा पाळीव मांजराशी संकर घडवला आणि पुढे १९८० च्या दशकात या जातीची पद्धतशीर पैदास सुरू केली. या इतिहासाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात वावरणारा एक ठिपकेदार, साधा बोका त्यांच्या दृष्टीस पडला. तो अमेरिकेत नेण्यात आला आणि या जातीच्या मूळ पुरुषांपैकी एक ठरला. सव्हाना ही आफ्रिकेतील सर्व्हल या रानमांजराच्या संकरातून जन्मलेली जात असून तिचे पहिले पिल्लू १९८६ मध्ये अमेरिकेत जन्मले.

या मांजरांच्या बाबतीत पिढीला फार महत्त्व असते. वन्य प्राणी आणि पाळीव मांजर यांची थेट संतती म्हणजे ‘एफ-१’. तिच्यापासून पुढची ‘एफ-२’, अशी ही मोजणी चालते. सुरुवातीच्या पिढ्यांतील नर बहुधा प्रजननक्षम नसतात, आणि ही मांजरे बुजरी असतात. पुढच्या पिढ्यांत वन्य अंश झपाट्याने घटतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार आजच्या बेंगॉलमध्ये रानमांजराचा वारसा सरासरी अवघा तीन-चार टक्के उरलेला आहे. म्हणजेच, रूप रानटी दिसले तरी चांगल्या पैदाशीचे बेंगॉल हे प्रत्यक्षात घरमांजरच असते.

कायद्याची रेषाही याच मोजणीवर आखलेली आहे. वन्यजीव व्यापारासंबंधीच्या ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार मागील चार पिढ्यांत संरक्षित वन्य पूर्वज असलेल्या संकरित प्राण्याला त्या वन्य प्रजातीचेच नियम लागू होतात. भारताने २०२२ च्या दुरुस्तीद्वारे हा करार वन्यजीव संरक्षण कायद्यात अंतर्भूत केला, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक झाली. म्हणून विक्रेत्याने ‘एफ-१’ वा ‘एफ-२’ असे अभिमानाने सांगितले, तर तो जिभेवर साखर ठेवून आपल्याला कायद्याच्या कचाट्यात ढकलत असण्याची शक्यता असते. ऑस्ट्रेलियाने तर तेथील वन्यजीवांना धोका संभवतो म्हणून २००८ मध्ये सव्हानाच्या आयातीवर बंदी घातली.

खरा धोका आणखी एका ठिकाणी आहे. बिबट मांजर आणि महाराष्ट्राच्या उसाच्या फडांत, झुडपांत पिल्ले घालणारी वाघाटी, या दोन्ही प्रजातींना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण आहे. त्यांची पिल्ले ठिपकेदार असतात आणि अननुभवी नजरेला बेंगॉलसारखीच भासू शकतात. कागदपत्रांविना, स्वस्तात मिळणारे ठिपकेदार पिल्लू कदाचित जंगलातून उचललेले असेल. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. अशा पिल्लाचे मात्र आयुष्यच नासते, कारण आईपासून तुटलेल्या रानपिल्लाला पुन्हा जंगलात सोडणे अतिशय कठीण असते.

कायदेशीर मार्गाने आणलेल्या बेंगॉलचेही संगोपन सोपे नाही. हे मांजर कमालीचे चपळ, चौकस आणि बोलके असते. त्याला उंच चढायला आवडते, पाण्याशी खेळायला आवडते. दिवसभर दोन खोल्यांत एकटे कोंडले तर ते पडदे फाडते, ओरडते, घरभर लघवीच्या खुणा करते. पारसिकच्या टेकड्यांकडे वा खाडीकडे तोंड असलेल्या उंच मजल्यावरच्या घरात खिडक्या व बाल्कनीला भक्कम जाळी हवीच. मोकळे सोडलेले मांजर खाली पडू शकते, शिवाय परिसरातील पक्ष्यांची शिकारही करते. त्याला चढण्यासाठी खांब-फळ्या, रोज दोन वेळा खेळ, वेळच्या वेळी लसीकरण आणि नसबंदी या बाबींत तडजोड चालत नाही. या जातीत दृष्टिपटलाचे व रक्तपेशींचे काही आनुवंशिक विकार आढळतात. म्हणून आई-वडिलांच्या जनुकीय चाचणीचे अहवाल मागावेत.

पिल्लू घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात: पिढीचा उल्लेख असलेली वंशावळ, विक्रेत्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडील नोंदणी, लसीकरणाची नोंद, आणि शक्य असल्यास पिल्लाची प्रत्यक्ष आई. यांपैकी एकीवरही टाळाटाळ झाली तर सरळ माघारी फिरावे. पिल्लू रानातले असल्याची शंका आली तर ते ‘वाचवण्यासाठी’ विकत घेऊ नये. त्यातून पुढच्या पिल्लाची मागणीच वाढते. वन विभागाला कळवणे हाच योग्य मार्ग.

आणि केवळ ठिपक्यांचीच ओढ असेल, तर आपल्या सोसायटीच्या वाहनतळात फिरणाऱ्या पट्टेरी-ठिपकेदार देशी पिल्लांकडे एकदा पाहावे. दिल्लीचा तो बोका अशाच मांजरांपैकी एक होता.