दोन फेरे हाताने

गॅरेजमध्ये ज्याला 'टायमिंग बसवणे' म्हणतात, ते काम बाहेरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटते. एक पट्टा काढायचा, दुसरा चढवायचा, झाले! परंतु या कामात दोनचार दात्यांचा फरक पडला तर इंजिन निकामी होते, आणि त्याची भरपाई पुष्कळदा ज्याच्या हातात पाना होता त्याच्या पगारातून होते. मी मेकॅनिक नव्हे, कामगार संघटनेचा माणूस आहे. पुढे जे सांगतो, ते गॅरेजमधल्या कामगारांच्या शेजारी उभे राहून आणि दुरुस्तीच्या पुस्तिका वाचून शिकलेले आहे.

आधी टायमिंग म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्या जोरावर खालचा क्रँकशाफ्ट फिरतो. हवा आत घ्यायची, दाबायची, पेटवायची, धूर बाहेर टाकायचा, या चार क्रियांना क्रँकचे दोन फेरे लागतात. हवा आत घेणारे आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्टचे. प्रत्येक व्हॉल्व्ह चार क्रियांत एकदाच उघडायचा, म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एकच फेरा होतो. क्रँक मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो नि मिटतो. कितीतरी इंजिनांत जागा इतकी आवळलेली असते, की पिस्टन वर आला असता व्हॉल्व्ह उघडा राहिला तर दोघांची टक्कर होते. वाकतो तो व्हॉल्व्ह.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत आपण सगळे बसलेलो आहोत. ती प्रीमियर पद्मिनी, २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. तिच्या इंजिनात कॅमशाफ्ट एकच, तोही खाली ब्लॉकमध्ये, आणि तिथून लांब दांड्यांनी वरचे व्हॉल्व्ह ढकलले जात. दांड्या जड, म्हणून वेगाला मर्यादा. यावर तोड अशी, की कॅमशाफ्टच वर व्हॉल्व्हांच्या डोक्यावर न्यायचे, आणि एक नव्हे दोन: एक आतल्या हवेच्या व्हॉल्व्हांसाठी, दुसरा धुराच्या. ही कल्पना नवी नाही. १९१२ साली फ्रान्समधील दिएप येथे ग्राँ प्री शर्यत जिंकणाऱ्या प्यूजो गाडीत दोन कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. पण ही श्रीमंती शर्यतीपुरती आणि महागड्या गाड्यांपुरती बराच काळ राहिली. १९६६ साली फियाटच्या १२४ स्पोर्ट गाडीसाठी औरेलियो लाम्प्रेदी या अभियंत्याने असे इंजिन रबरी दातेरी पट्ट्यावर चालवून दाखवले, आणि दोन कॅमशाफ्ट सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात येऊ लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एकाच्या जागी दोन कॅमशाफ्ट आले, म्हणजे जुळवायच्या चाकांची संख्या दोनावरून तीनवर गेली: खाली क्रँकचे, वर दोन कॅमची. प्रत्येकावर एकेक खूण असते. गाडी गिअरमधून काढून, बॅटरीची तार सोडवून, इंजिन थंड असताना कामाला लागावे. स्पार्क प्लग काढले की क्रँक पान्याने सहज फिरतो. तो इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने फिरवून पहिला पिस्टन अगदी वर आणायचा. मात्र पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबताना आणि एकदा धूर टाकताना. आपल्याला पहिला प्रसंग हवा. ओळखायचे कसे? झाकण काढून पाहावे. पहिल्या सिलिंडरच्या कॅमची टोके व्हॉल्व्हांपासून बाजूला वळलेली असली, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेले असले, तर तीच जागा.

पट्टा काढताक्षणी मौज होते. व्हॉल्व्हांच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात. पट्ट्याचा धाक गेला की एखादा कॅमशाफ्ट खटकन पुढे सरकतो. नवखा कामगार घाबरून त्याला तसाच फिरवून जागेवर आणू पाहतो, आणि वर आलेल्या पिस्टनवर व्हॉल्व्ह आपटतो. जाणता माणूस आधी क्रँक पाव फेरा मागे घेतो. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात त्यामुळे चारही पिस्टन नळीच्या मध्यावर येतात. मग कॅम खुशाल फिरवावेत, खुणेवर आणावेत, आणि क्रँक परत वर न्यावा.

पट्टा चढवताना क्रँकपासून सुरुवात करून, ज्या बाजूला ताण देणारी कप्पी नाही ती बाजू आधी घट्ट ओढून घ्यावी. दोन कॅमच्या मधला भागही ताठ हवा. ढिलाई उरेल ती सारी कप्पीच्या बाजूला उरावी. एक दाता चुकला तर काय होते? समजा कॅमच्या चाकाला अठ्ठेचाळीस दाते आहेत. एका दात्याला कॅमचा साडेसात अंशांचा फरक, म्हणजे क्रँकचा पंधरा अंशांचा. एवढ्याने इंजिन थरथरते, ओढ जाते, समोरच्या फळीवर दिवा लागतो. आणखी दोनतीन दाते चुकले की टक्कर.

म्हणून ताण दिल्यावर, किल्ली फिरवण्यापूर्वी, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. एका फेऱ्यात कॅमच्या खुणा उलट्या बाजूला जातात, दुसऱ्यात परत येतात. मध्ये पाना अडला तर जोर लावू नये. काहीतरी काहीतरीवर टेकले आहे. तिन्ही खुणा पुन्हा समोरासमोर आल्या तर काम बरोबर. कित्येक पट्ट्यांवरही रंगाच्या रेघा असतात. त्या दोन फेऱ्यांनंतर जुळतीलच असे नाही. त्या फक्त पट्टा चढवण्यापुरत्या. हे न कळल्याने बरोबर बसवलेला पट्टा पुन्हा उतरवणारे लोक मी पाहिले आहेत.

काही इंजिनांत खुणांवर भिस्त नसते, खुंट्या असतात. आपल्या पुण्याजवळ रांजणगावला १२४८ घनसेंटिमीटरचे जे फियाटचे डिझेल इंजिन बनत असे आणि जे फियाटखेरीज इतर कंपन्यांच्या गाड्यांतही बसत असे, त्यात पट्ट्याऐवजी साखळी होती. नवे प्रदूषण-नियम आल्यावर २०२० साली नव्या गाड्यांतून ते गेले, पण त्या गाड्या अजून दुरुस्तीला येतात. त्यात दोन्ही कॅमशाफ्ट आणि क्रँक खुंट्यांनी जखडून मगच काम करावे लागते. बोल्ट सोडताना चाक वेगळ्या हत्याराने धरावे. खुंटीवर जोर टाकला तर खुंटी वाकते किंवा धातू फुटतो. इथेही दोन फेरे चुकत नाहीत: खुंट्या काढायच्या, फिरवायचे, आणि खुंट्या बोटाच्या दाबाने परत आत जातात का पाहायचे.

हे सर्व मला शिकावे लागले ते एका तंट्यामुळे. एका गॅरेजात पट्टा बदललेल्या गाडीचे इंजिन तीन आठवड्यांनी फुटले, व्हॉल्व्ह वाकले, आणि टायमिंग चुकवल्याचा ठपका ठेवून एका तरुण कामगाराच्या पगारातून कपात सुरू झाली. नुकसानीबद्दल पगार कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे, ही तरतूद १९३६ च्या पगारविषयक कायद्यात होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण म्हणणे मांडायचे तर इंजिन कळायला हवे! आम्ही विचारले, दाता पहिल्या दिवशीच चुकला असता तर गाडी तीन आठवडे सुरळीत कशी चालली? 'गाडी ठीक' अशी गिऱ्हाइकाची सही जॉब कार्डावर होती. उघडून पाहिले तो ताण देणाऱ्या कप्पीची बेअरिंग जाम झालेली, पट्ट्याची कड कुरतडलेली. खर्च वाचवण्यासाठी जुनीच कप्पी ठेवा असे वरून सांगितले गेले होते. मुलाने काम चोख केले होते. जुनी कप्पी अडली, पट्टा ढिला पडून दात्यांवरून सरकला.

कपात परत मिळाली. आता तिथल्या जॉब कार्डावर दोन ओळी वाढल्या आहेत: कप्पी नवी की जुनी, आणि दोन फेऱ्यांनंतर खुणा जुळल्या काय. दोन्हींखाली कामगाराबरोबर सुपरवायझरचीही सही असते. या तपासणीसाठी पंधरा मिनिटे कामाच्या वेळेत धरावीत, ही मागणी मात्र मालकाने अजून मान्य केलेली नाही. ती पुढच्या वाटाघाटीत आहे.