तंबूंच्या गावातली मुले

इंग्लंडमध्ये मुले सोळाव्या वर्षी जी शालान्त परीक्षा देतात तिला जीसीएसई म्हणतात. आपली दहावीच म्हणा ना. तिचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या एका गुरुवारी लागतो. त्याला जोडूनच ‘बँक हॉलिडे’ची लांब सुट्टी येते, आणि या सुट्टीत रेडिंग व लीड्स या दोन ठिकाणी एकाच वेळी देशातला एक बडा संगीत महोत्सव भरतो. रेडिंगला तो १९७१पासून आहे, लीड्सची जोड १९९९ साली मिळाली. निकाल हातात पडला की पाठीवर तंबू टाकून मुले निघतात. सोळाच्या आतल्या मुलासोबत सज्ञान माणूस लागतो. सोळा पूर्ण झाली की मूल एकटे जाऊ शकते, आणि तीन-चार रात्री तंबूत राहू शकते. आईवडिलांपासून दूर काढलेल्या आयुष्यातल्या पहिल्या रात्री पुष्कळांच्या बाबतीत याच असतात.

माझी मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीनिमित्त रेडिंगला राहते. मुलीने तिकिटाचा हट्ट धरला तेव्हा तिने मला फोन केला. ‘दादा, पाठवू का रे हिला?’ घरात गर्दीचा अभ्यास करणारा मीच, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. मी कुठल्या विद्यापीठात नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास तीनशे माणसे गेली, तेव्हापासून मी यात्रा, मेळे, मैदाने यांतल्या अपघातांचे अहवाल मिळतील तसे वाचत आलो. इंग्लंडची एक सोय अशा वाचकाला फार उपयोगी पडते. तिथे संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी कोरोनर करतो, आणि असा मृत्यू पुन्हा होऊ नये म्हणून काही करायला हवे असे त्याला वाटले तर तो संबंधितांना लेखी कळवतो. ही पत्रे सहसा प्रसिद्ध होतात. घरबसल्या कोणालाही वाचता येतात.

बहिणीला भीती होती ती चेंगराचेंगरीची. ती रास्त आहे. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडचे गाणे चालू असताना मंचासमोर नऊ तरुण दगावले. त्यांतला सर्वांत लहान सतरा वर्षांचा होता. ५ नोव्हेंबर २०२१ला अमेरिकेत ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्डमध्ये दहा जण गेले, त्यांतही शाळकरी वयाची मुले होती. अशा वेळी माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बरीचशी उभ्या उभ्याच गुदमरतात. एका चौरस मीटरमध्ये पाचच्या वर माणसे झाली की गर्दी लोटेसारखी वाहू लागते. त्याहून दाटली की छाती फुगायला जागा उरत नाही. ओरडण्यापुरता श्वासही घेता येत नाही, म्हणून मागच्यांना काही कळत नाही आणि ते पुढे रेटतच राहतात. पण हा धोका आता आयोजकांना बऱ्यापैकी समजलेला आहे. रोस्किल्डने त्यानंतर मंचासमोरची जागा कुंपणाने वेगळी केली आणि आत किती जण सोडायचे याची मोजदाद सुरू केली. मंचावर दिवे असतात, कॅमेरे असतात, कठड्याआड दणकट पहारेकरी असतात. ज्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष आहे, ती जागा त्या मैदानात त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणायची.

मला काळजी वाटू लागली ती दुसऱ्याच जागेची. गाणे रात्री अकराच्या सुमारास संपते. त्यानंतर हजारो मुले अंधारात आपापल्या तंबूंकडे जातात आणि उजाडेपर्यंत तिथेच असतात. एकसारखे तंबू, दोऱ्यांना अडखळणारे पाय, उतरलेला फोन, आणि ज्याच्याकडे बोट दाखवून ‘हा मोठा’ म्हणावे असा एकही माणूस जवळपास नाही. पंढरीच्या वारीत याहून कितीतरी मोठा लोंढा राहुट्यांत झोपतो. पण तिथे प्रत्येक जण कुठल्या तरी दिंडीचा असतो. दिंडीला क्रमांक असतो, विणेकरी असतो, जेवायला कोण आले नाही हे पंगतीत कळते. महोत्सवाच्या तळावर सोळा वर्षांचा मुलगा कोणाच्याच दिंडीत नसतो. त्याची दिंडी म्हणजे त्याच्याच वयाचे चार मित्र.

मी वाचलेल्या मृत्यूंमध्ये याच चार मित्रांकडे पुन्हा पुन्हा लक्ष जाते. २०२२ साली लीड्सला आलेला सोळा वर्षांचा एक मुलगा एक्स्टसीच्या गोळीने गेला. एवढ्या लहान मुलांना एकटे सोडावे का, हा प्रश्न त्यानंतर तिकडे उघडपणे विचारला गेला. एक्स्टसी म्हणजे एमडीएमए. ही गोळी घेतल्यावर अंमल चढायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. नवख्या मुलाला वाटते, काही होत नाही, गोळी खोटी दिसते. आणि तो दुसरी घेतो. मग दोन्ही एकदम चढतात. शरीराचे तापमान भराभर वाढते. गर्दीत नाचणे, ऊन आणि अपुरी झोप यांची त्यात भर पडते. दुसऱ्या बाजूने, ‘पाणी पीत राहा’ एवढेच कानावर पडलेली मुले लिटरवर लिटर पाणी पितात. हे औषध लघवी रोखून धरते, रक्तातले क्षार पातळ होतात आणि मेंदूला सूज येते. तापाने फणफणलेला, बडबडणारा मुलगा आणि गुंगीत पडलेला मुलगा, दोघेही मित्रांना ‘चढलीय, झोपू दे’ एवढेच वाटतात.

हे ‘झोपू दे’ सर्वांत घातक. दारूनेही तेच होते. उताणा पडलेला मुलगा घोरतो आहे, घशातून घरघर येते आहे, आणि मित्र निश्चिंत होतात की झोप लागली. ती घरघर म्हणजे श्वासाची वाट बुजत चालल्याची खूण असू शकते. हाक मारून, चिमटा काढून जागा न होणारा माणूस झोपलेला नसतो, तो बेशुद्ध असतो. त्याला कुशीवर वळवायचे, तोंड जरा खाली झुकवायचे, एकाने जवळ बसून श्वास पाहत राहायचे आणि दुसऱ्याने मदत आणायची. हे शिकायला दहा मिनिटे पुरतात. तळावर प्रथमोपचाराचे तंबू असतात, त्यांत डॉक्टर व परिचारिका असतात, रात्रभर उघडे राहणारे मदत-तंबू असतात. मग मुले तिथे का जात नाहीत, किंवा उशिरा का जातात?

भीतीने. हातातला पट्टा कापून बाहेर काढतील, पोलिसांत देतील, घरी फोन करतील, बाबा काय म्हणतील. अठराच्या आतल्याला दारू विकणे तिथे गुन्हा आहे आणि गोळी बाळगणे तर आहेच, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार नाही. पण या भीतीत जो अर्धा तास जातो, तोच उपचाराचा असतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात संगीत महोत्सवांत सहा तरुण मरण पावले, सगळे अठरा ते तेवीस वर्षांचे. तिथल्या उपराज्य कोरोनर हॅरिएट ग्रॅहम यांनी सहांची एकत्र चौकशी केली. त्यांतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने दारावर पोलिसांकडून पकडले जाऊ नये म्हणून आत शिरण्याआधीच गोळ्या घेऊन टाकल्या होत्या, असे समोर आले. नोव्हेंबर २०१९च्या निष्कर्षांत ग्रॅहम यांनी वास घेणारी कुत्री महोत्सवांतून काढा आणि गोळ्या तपासून देण्याची सोय करा, अशा शिफारशी केल्या. राज्य सरकारला त्या तेव्हा पटल्या नाहीत. मला त्या पटतात. गोळी वाईट, यात दुमत नाही. पण कुत्र्याच्या भीतीने ती फेकून न देता गिळली जात असेल, तर कुत्र्याने नेमके काय साधले?

तपासणीचा मुद्दा इंग्लंडमध्येही रेंगाळला आहे. ‘द लूप’ या संस्थेने २०१६ साली सीक्रेट गार्डन पार्टी या महोत्सवात तिथली पहिली उघडी तपासणी केली. लोक चिमूटभर नमुना देत आणि रसायनतज्ज्ञ त्यात काय आहे ते सांगत. त्यांनी कार्डिफ विद्यापीठासोबत प्रसिद्ध केलेला एक आकडा मी अनेकांना ऐकवतो. २०१९ साली इंग्लंडच्या महोत्सवांत एमडीएमए म्हणून विकल्या गेलेल्या मालापैकी ७ टक्क्यांत ते नव्हतेच. २०२१मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. करोनानंतरचा तो पहिला हंगाम होता, पुरवठ्याच्या साखळ्या तुटल्या होत्या. म्हणजे मुलगा जे समजून गिळतो आहे, ते निम्म्या वेळा भलतेच काही होते. असे असूनही २०२३च्या जूनमध्ये मँचेस्टरच्या पार्कलाइफ महोत्सवात वेगळा परवाना नाही म्हणून ही तपासणी होऊ शकली नाही.

तंबूचा म्हणून एक स्वतंत्र धोका आहे, आणि त्याला व्यसनाशी काही देणेघेणे नाही. पाऊस आला, थंडी वाजू लागली की मुले विझलेला वाटणारा बार्बेक्यू तंबूत ओढून घेतात. ज्वाळा नसली तरी निखारे कित्येक तास कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, आणि तळावर ज्याला त्याला सकाळी डोकेदुखी असतेच. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तोच हा प्रकार. नायलॉनचा तंबू हवेशीर असतो, हा निव्वळ भ्रम.

वाऱ्यापावसाबद्दल थोडक्यात. बेल्जियममधल्या पुकेलपॉपमध्ये १८ ऑगस्ट २०११ला आलेल्या वादळाने पाच जणांचा बळी घेतला. लीड्सला ऑगस्ट २०२४मध्ये लिलियन वादळात तंबू उडाले आणि दोन मंच बंद ठेवावे लागले. अशा वेळी झाडाखाली किंवा मोठ्या मांडवात धावू नये, एवढे मुलांना आधी सांगून ठेवलेले बरे.

मुलींच्या बाबतीत बहिणीशी बोलताना मला अवघड गेले, पण बोललो. यूगव्ह या संस्थेने २०१८ साली केलेल्या पाहणीत महोत्सवांना जाणाऱ्या चाळिशीच्या आतल्या स्त्रियांपैकी ४३ टक्क्यांनी तिथे नकोसे लैंगिक वर्तन सोसल्याचे सांगितले. बहुतेकींनी कुठेही तक्रार केली नव्हती. स्वीडनमध्ये ब्रोवाला या महोत्सवाने बलात्काराच्या व छेडछाडीच्या तक्रारींनंतर २०१८चा कार्यक्रमच रद्द केला. ‘नीट राहा’ असे मुलीला सांगणे सोपे असते. तंबूची चेन बाहेरून कोणीही उघडू शकतो, त्यामुळे एकटीने झोपायचे नाही आणि मैत्रिणीला दुसऱ्याच्या तंबूत एकटी सोडून परत यायचे नाही, हे सांगणे जास्त कामाचे. आणि तिच्यासोबत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी आपल्या मुलग्यांशी बोलायला हवे. तो फोन बहिणीने केला, याचे मला कौतुक वाटले.

मग वय अठरा करून टाकावे का? इंग्लंडच्या २००३च्या परवाना कायद्याची चार उद्दिष्टे आहेत, त्यांतले एक मुलांना अपायापासून जपणे हे आहे. त्याआधारे स्थानिक परिषद अटी घालू शकते. बंदीची मागणी करणाऱ्या शोकाकुल आईबापांपुढे मी काय बोलणार? पण माझे मत वेगळे आहे. सोळाव्या वर्षी दार बंद केले तर निकालाची ती रात्र कुठल्या तरी रानात, नदीकाठी, डॉक्टर नसलेल्या जागी साजरी होईल. त्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी तळाचा वेगळा, उजेडाचा भाग असावा, तिथे रात्रभर फिरणारी मोठी माणसे असावीत, आणि मदत मागायला आलेल्या मुलावर व त्याच्या मित्रांवर कारवाई होणार नाही हे दारावरच ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. यातले शेवटचे काम तर फुकटात होणारे आहे.

बहिणीने शेवटी मुलीला पाठवले. फोन बंद पडतो, गर्दीत नेटवर्क जाते, म्हणून दोन नंबर कागदावर लिहून दिले. प्रथमोपचाराचा तंबू कुठे आहे हे पहिल्या दिवशी उजेडात चालत जाऊन पाहायचे, असे ठरले. कुशीवर वळवायचे कसे, हे दिवाणखान्यात गालिच्यावर एकमेकींवर करून झाले. रात्री कितीही वाजता फोन आला तर गाडी काढायची आणि वाटेत एकही प्रश्न विचारायचा नाही, हे तिच्या नवऱ्याकडून कबूल करून घेतले. ते त्याला सर्वांत जड गेले म्हणे. एवढ्यावर एकच अट होती. शेवटच्या, रविवारच्या रात्री तळावर थांबायचे नाही. त्या रात्री काही टोळकी मागे राहिलेले तंबू पेटवतात. २०२२ साली रेडिंगला ते घडले होते, आणि २००२ साली लीड्सला तर एवढी दंगल झाली की महोत्सवाला टेंपल न्यूसमची जागा सोडून ब्रॅमहम पार्कला जावे लागले. शेवटचे गाणे संपले की ठरलेल्या फाटकाशी बाबा गाडी घेऊन उभे राहणार होते. त्यावर मुलीने घासाघीस करून अर्धा तास वाढवून घेतला.