मायक्रॉनची शिस्त : मशिनिस्टची शिकाऊ उमेदवारी

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "आता पुढे काय?" ज्यांना चांगले गुण आहेत ते अकरावीला जातात. ज्यांना जेमतेम गुण आहेत त्यांच्यापैकी काहीजण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आय.टी.आय.चा अर्ज भरतात. आणि उरलेले "तोवर काहीतरी" म्हणून ठेकेदाराकडे हेल्पर लागतात. हे "तोवर" कधीकधी वीस वर्षे चालते. आम्ही जे लोक पुण्याच्या मशिन शॉपमध्ये उमेदीची वर्षे घालवून आलो, त्यांना या प्रश्नावर काही सांगावेसे वाटते. मशिनिस्टचा व्यवसाय म्हणजे नेमके काय, त्याचे प्रशिक्षण कसे होते आणि ते अर्धवट सोडणे का परवडत नाही, एवढेच या लेखात मांडतो.

पुणे आणि यंत्रकाम

यंत्रकाम पुण्याला नवे नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली खडकीतच उभी राहिली. पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी, हडपसर, मुंढवा हा सारा पट्टा कारखान्यांनी भरला. यातले एक उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. टेल्कोने (२००३ पासून टाटा मोटर्स) १९६६ साली पिंपरी-चिंचवड भागात आपला कारखाना उभारायला घेतला. पण तेथून पहिली मालवाहू गाडी बाहेर पडली ती १९७७ साली. सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखालील त्या मधल्या वर्षांत टूलरूम उभी राहिली, यंत्रे तयार झाली आणि शिकाऊ मुलांतून कारागीर घडवले गेले. आधी माणसे, मग गाडी, हा क्रम ज्या उद्योगाला कळला तो टिकला. कुटुंबालाही हाच क्रम लागू पडतो.

मशिनिस्ट म्हणजे कोण?

टर्नर, फिटर आणि मशिनिस्ट यांत अनेक पालकांचा घोटाळा होतो. ढोबळमानाने सांगायचे तर लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याला कापते. ते मुख्यतः टर्नरचे काम. मिलिंग मशिनवर कटर फिरतो आणि जॉब त्याच्याखाली सरकतो. ते मुख्यतः मशिनिस्टचे काम. सपाट पृष्ठभाग, खाचा, गिअरचे दाते, साच्याचे भाग हे सारे त्यात येते. मात्र मशिनिस्टला लेथ, शेपर, स्लॉटर आणि ग्राइंडिंग यांचीही ओळख करून घ्यावी लागते. फिटर हे भाग जुळवतो.

सूत ते मायक्रॉन

आपल्याकडे सुतार-लोहार "सूत" या मापात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे सव्वातीन मिलिमीटर. दाराच्या चौकटीला एवढे माप पुरते. मशिन शॉपमध्ये मिलिमीटरचे हजार भाग करतात आणि त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मि.मी. म्हणजे २० मायक्रॉनपर्यंत, तर साध्या मायक्रोमीटरवर ०.०१ मि.मी. म्हणजे १० मायक्रॉनपर्यंत वाचता येते.

आता एक उदाहरण घेऊ. ५० मि.मी. व्यासाचा शाफ्ट एका भोकात सहज सरकेल असा बसवायचा आहे. प्रचलित प्रमाणानुसार अशा जोडीत भोक ५०.००० ते ५०.०२५ च्या दरम्यान आणि शाफ्ट ४९.९८४ ते ५०.००० च्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे शाफ्टसाठी चुकायला जागा फक्त १६ मायक्रॉन. सर्वांत घट्ट जोडीत फट शून्य, सर्वांत सैल जोडीत ४१ मायक्रॉन. तीही केसाहून बारीक. एवढी बंधने कशासाठी? शाफ्ट चिंचवडला झाला आणि भोक भोसरीला झाले, तरी कोणताही शाफ्ट कोणत्याही भोकात कानस न मारता बसावा यासाठी. मोठ्या प्रमाणावरचे सारे उत्पादन या एका गोष्टीवर उभे आहे.

येथे नवख्या मुलाचा हटकून होणारा गोंधळही सांगतो. पोलाद तापले की वाढते. एक मीटर लांबीमागे एका अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन, असे त्याचे प्रमाण आहे. मशिनवरून नुकताच काढलेला हा ५० मि.मी.चा शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा ४० अंशांनी गरम असेल, तर तो २३ मायक्रॉनने फुगलेला असतो. मुलगा मोजतो, माप बरोबर ५०.००० येते, तो खूश होतो. शाफ्ट निवतो आणि माप ४९.९७७ भरते, खालच्या मर्यादेच्याही ७ मायक्रॉन खाली. जॉब बाद! हात चांगला होता, यंत्रही चांगले होते. कमी पडला तो धीर. म्हणूनच जाणता कारागीर जॉब आणि मायक्रोमीटर काही वेळ शेजारी ठेवतो आणि मगच मोजतो. जगभर मापासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानले आहे ते याच कारणाने.

प्रशिक्षण कसे होते?

पुण्यात औंधची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था सर्वांच्या परिचयाची आहे. मशिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून दहावी उत्तीर्ण मुलामुलींना त्यास प्रवेश मिळतो. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत केंद्रीय पद्धतीने होतो. तेव्हा अर्जाची मुदत आणि जातीचा दाखला यांकडे पालकांनी निकालाआधीच लक्ष द्यावे.

पहिले काही आठवडे मुलाच्या हाती मशिन येत नाही, कानस येते. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरून तो सपाट आणि काटकोनात करायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसतो. तो दिसेनासा होईपर्यंत कानस. हात भरून येतात, घरी येऊन मुलगा म्हणतो, "तिथे नुसते घासायला लावतात." पालकांनी या वेळी खचू नये. किती दाब दिला की किती धातू निघतो, हे हाताला येथेच कळते. पुढे मशिनच्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचे ओळखणारा कारागीर याच कानशीतून तयार होतो.

दुसरी बाजू गणिताची. मिलिंगवर २४ दात्यांचा गिअर कापायचा आहे. इंडेक्सिंग हेडचा दांडा ४० वेळा फिरवला की जॉबचा एक पूर्ण फेरा होतो. मग दर दात्याला दांडा किती फिरवायचा? ४० भागिले २४, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर दोन तृतीयांश. हे दोन तृतीयांश १५ छिद्रांच्या वर्तुळावर १० छिद्रे मोजून मिळतात. जो मुलगा शाळेत अपूर्णांकांना घाबरला तो येथे अडतो. आणि जो समजून घेतो त्याला अपूर्णांक जन्मात विसरत नाहीत. ड्रॉइंग वाचणे हेही असेच. ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही त्याला आयुष्यभर दुसऱ्याला विचारून काम करावे लागते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. फिरत्या मशिनवर हातमोजे, लोंबत्या बाह्या, अंगठी, मनगटातला दोरा यांतले काही चालत नाही. चिप्स हाताने नव्हे, ब्रशने काढायच्या. बोट एकदा गेले की परत येत नाही.

कायदा काय सांगतो?

आय.टी.आय.नंतर कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी येते. मशिनिस्टसाठी ती साधारण एक वर्षाची असते. ती शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली होते. यातील काही तरतुदी प्रत्येक पालकास ठाऊक हव्यात.

उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी होते. नोंद नसलेली "ट्रेनिंग" ही या कायद्याखालची उमेदवारी नव्हे. उमेदवाराला विद्यावेतन मिळते; २०१९ च्या सुधारित नियमांनी आय.टी.आय. उत्तीर्णांसाठी ते दरमहा किमान ७,००० रुपये ठरवले. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून करार करताना चालू दर विचारून घ्यावा. त्याच सुधारणेनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. कारखान्यात इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते.

अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे कलम ३-अ या कायद्यात आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. उमेदवारी संपली म्हणजे त्याच कारखान्यात नोकरी द्यावीच, असे बंधन मालकावर नाही. करारात तसे लिहिले असेल तरच. म्हणून उमेदवारीकडे नोकरीचे दार म्हणून पाहू नये. कोणत्याही दारावर चालेल अशी किल्ली म्हणून पाहावे.

गेजला जात नसते

मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळी विणकाम खात्याचे, म्हणजे चांगल्या पगाराच्या खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते, तेव्हा युद्धकाळातील तंत्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. बंदी होती ती कसबाच्या कामावर, हलक्या कामावर कधीच नव्हती, ही यातली मेख आहे.

अचूक यंत्रकामात निकाल गेज देतो. भोक तपासायच्या गेजची दोन टोके असतात. "गो" टोक आत गेले पाहिजे, "नो-गो" टोक जाता कामा नये. हे गेज आडनाव विचारत नाही. कारखान्यात कोणाला बढती मिळते, कोणाला चांगले मशिन मिळते, यात अन्याय होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण गेजने पास केलेला जॉब कोणाला नापास करता येत नाही. हे बळ लहान नाही.

सी.एन.सी. आले, आता काय?

संगणकावर चालणारी मशिन आल्यावर कारागीर लागत नाही, असा समज पसरला आहे. तो अर्धा खरा आहे. जॉब चढवणे, बटण दाबणे, जॉब उतरवणे एवढेच येणारा माणूस स्वस्त झाला आणि तो केव्हाही बदलता येतो. परंतु टूल झिजले की माप किती सरकले, ऑफसेट किती द्यायचा, जॉब धरायचा कसा, हे मशिन आपणहून ठरवत नाही. ते ठरवणारा सेटर आणि प्रोग्रॅमर यांची गरज राहिली आहे, आणि तो हात कानस, मिलिंग व मायक्रोमीटर यांतूनच तयार होतो.

म्हणून पालकांस विनंती, की हेल्परच्या कामात पहिल्या महिन्यापासून दोन-तीन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून मुलाला उमेदवारीतून काढू नका. घरची ओढाताण आम्हाला ठाऊक आहे; पण हेल्परला पाच वर्षांनीही हेल्परच म्हणतात. मुलींनाही या व्यवसायात पाठवा. मायक्रोमीटरला ताकद लागत नाही, हलका हात लागतो.

आणि निवृत्त कामगार बंधूंसही विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात फळा लावून अपूर्णांक, दशांश आणि ड्रॉइंग शिकवा. घरी पेटीत पडलेला जुना मायक्रोमीटर घेऊन या आणि दहा मुलांच्या हाती फिरू द्या. आपल्या हातात जे आहे ते पुढच्या हातात गेले पाहिजे.